एक्स्प्लेनर : ब्रेकअप तुमचा, चाल तुमची, आवाजही तुमचा, मग गाण्याचा मालक दुसराच कसा?

तिचं लग्न ठरलेलं असतं. नवरा मुलगा पुण्यात, कंपनीत. हा सोयाबीनच्या रानात बांधावर उभा, हातात तिनं कधीतरी दिलेलं घड्याळ. मागे मांडव, हलगीचा ठेका आणि शेवटच्या कडव्यात तिची गाडी फाट्यावरून वळून दिसेनाशी होते. धाराशिव जिल्ह्यात ज्याच्या हातात मोबाइल आहे, त्याला ही गोष्ट पाठ आहे. हिरो-हिरोइन बदलतात, गाव बदलतं, गोष्ट तीच राहते.

ती उगाच तीच राहत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लग्नाला मुली मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार. बातमी सगळीकडे हसत-हसत पाहिली गेली. पण नोकरी नाही म्हणून ज्यांचं स्थळ मोडलंय, त्या पोरांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्यातलाच एखादा रात्री मोबाइलच्या नोट्समध्ये चार ओळी लिहितो, गुणगुणत चाल लावतो, मित्राच्या ओळखीनं स्टुडिओत जाऊन स्वतःच गातो. गीतकार तोच, संगीतकार तोच, गायकही तोच.

गाणं चालतं. आणि मग दुसरा ब्रेकअप सुरू होतो, ज्याच्यावर कुणी गाणं करत नाही. गाणं ज्याच्या चॅनलवर आहे तो आणि ज्यानं ते लिहिलं तो, या दोघांमधला.

आधी 'अल्बम'चा अर्थ समजून घेऊ

शहरात अल्बम म्हणजे आठ-दहा गाण्यांचा संच. गावाकडे मात्र 'अल्बम साँग' म्हणजे सिनेमात नसलेलं, स्वतंत्र व्हिडिओ असलेलं एकच गाणं. 'पोरानं अल्बम काढला' याचा अर्थ त्यानं एक गाणं यूट्यूबवर टाकलं, इतकाच.

हा बदल गेल्या पंचवीस वर्षांतला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'गारवा' आला तेव्हा कॅसेट एका बाजूनं लावायची, ती संपेपर्यंत ऐकायची, मग उलटायची. सौमित्र, म्हणजे अभिनेते किशोर कदम यांचे शब्द, मिलिंद इंगळे यांची चाल आणि आवाज, आणि गाण्यांच्या आगेमागे कवितेचं वाचन. प्रेमात पडलेल्यांनी आणि प्रेमातून पडलेल्यांनी तो सारख्याच आवडीनं ऐकला. पुढे २००३ मध्ये कवी संदीप खरे आणि संगीतकार डॉ. सलील कुलकर्णी यांचं 'आयुष्यावर बोलू काही' आलं. इथे लिहिणारा आणि चाल लावणारा दोघंही स्वतः रंगमंचावर उभे राहून गात होते. अल्बम आणि कार्यक्रम एकाच नावाचे. वीस वर्षांनंतरही त्याचे प्रयोग तिकीट लावून झाले. रेकॉर्डिंगचं काहीही होवो, तिकिटाचा व्यवहार प्रेक्षक आणि मंचावरच्या माणसांमधला असतो, हे त्यातलं व्यावहारिक शहाणपण.

आज कॅसेट नाही, सीडी नाही. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडनं २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' हे एकच गाणं आणलं आणि ते महाराष्ट्राबाहेरच्या रील्समध्येही वाजलं. लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा तोच. ते गाणं प्रेमभंगाचं नाही, चांगलं नटलेलं-थटलेलं आहे. पण त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यातल्या पोरांना एक गोष्ट पटली : मुंबईला न जाताही जमतं. जमतं हे खरंच. फक्त कागद नीट वाचावा लागतो.

एक गाणं, तीन मालमत्ता

समजा, कळंबच्या एका पोरानं गाणं लिहिलं. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार त्या एका गाण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, शब्द. कायद्याच्या भाषेत ही साहित्यकृती. कथा-कादंबरीला जे संरक्षण, तेच तुमच्या दोन कडव्यांना. दुसरी, चाल. ही संगीतकृती, आणि तिच्या व्याख्येत शब्द मुद्दाम वगळलेले आहेत. तिसरी, रेकॉर्डिंग, म्हणजे स्टुडिओतून निघालेली ती प्रत्यक्ष ऑडिओ फाइल. बोलीभाषेत तिला 'मास्टर' म्हणतात.

सातबारा तीन असावेत आणि जमीन एकाच शिवारात असावी, तसं हे आहे. शब्द आणि चाल कळंबच्या पोराची, यात वाद नाही. त्यासाठी नोंदणीसुद्धा सक्तीची नाही. कृती तयार झाली की हक्क आपोआप जन्माला येतो. (नोंदणी केली तर पुरावा हाताशी राहतो. सरकारी फी शब्दांना किंवा चालीला प्रत्येकी ५०० रुपये, रेकॉर्डिंगला २ हजार रुपये.) गोंधळ होतो तो तिसऱ्या सातबाऱ्यावर.

कायदा म्हणतो, रेकॉर्डिंगचा कर्ता म्हणजे 'प्रोड्यूसर'. आता आपल्याकडे प्रोड्यूसर कुणाला म्हणतात? जो लॅपटॉपवर बीट बसवतो, बासरी भरतो, आवाज मिक्स करतो त्याला. कायद्याला तो अभिप्रेत नाही. कायद्यातला प्रोड्यूसर म्हणजे रेकॉर्डिंग करण्यासाठी ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. साधारणपणे, ज्यानं ठरवलं आणि पैसे घातले तो. म्हणजे कळंबच्या पोरानं स्वतः पदरचे पैसे देऊन स्टुडिओ घेतला असेल, तर मास्टर त्याचा असायला हवा. पण 'भाऊ, खर्चाचं टेन्शन घेऊ नको, शूटिंग-बिटिंग सगळं आमच्याकडं' असं म्हणत एखाद्या चॅनलवाल्यानं खर्च केला, तर मास्टर त्या चॅनलवाल्याचा.

यात फसवणूक असतेच असं नाही. ड्रोन, कॅमेरा, हिरोइनचं मानधन, जेवणावळ, डिझेल... प्रेमभंगाच्या गाण्याला बऱ्यापैकी खर्च येतो. ज्यानं पैसा लावला, त्याला परतावा हवा. अडचण तिथे येते, जिथे मास्टरबरोबर शब्द आणि चालही गुपचूप निघून जातात.

'सर्व हक्क कायमस्वरूपी' या ओळीचं काय करायचं?

प्रकार साधारण असा घडतो. पाचशे रुपयांचा बॉण्ड पेपर. त्यावर कुठूनतरी कॉपी-पेस्ट केलेला इंग्रजी मजकूर. गाण्याचं नाव, पोराचं नाव, एकरकमी मोबदला म्हणून काही हजार रुपये, आणि सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभरासाठी, कायमस्वरूपी दिले, असं वाक्य. खाली सही. त्या वेळी बावीस वर्षांच्या मुलाला गाणं बाहेर येतंय याचाच आनंद असतो. मन आधीच मोडलेलं असतं, तो कागद काय वाचणार!

सहा महिन्यांनी तो आपलंच गाणं गिटारवर म्हणतो, मूळ ट्रॅक मागे लावून स्वतःच्या चॅनलवर टाकतो आणि यूट्यूबकडून क्लेम येतो. कारण यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते. ठसा कुणी नोंदवला, एवढंच तिला कळतं. तो कुणाच्या काळजातून आला, हे तिला कळायची सोय नाही.

मात्र त्या बॉण्डवर लिहिलंय म्हणून सगळं संपलं, असं नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती त्याच वर्षी २१ जूनपासून लागू झाली. त्याआधी गीतकार-संगीतकारांना एकरकमी पैसे देऊन कायमचं मोकळं केलं जायचं. या दुरुस्तीसाठी जे लढले त्यात जावेद अख्तर पुढे होते. ते तेव्हा राज्यसभेत खासदार होते. दुरुस्तीची चर्चा झाली ती मुख्यतः सिनेमाच्या अंगानं. पण कलम १९ मध्ये एक पोटकलम खास सिनेमाबाहेरच्या रेकॉर्डिंगसाठी आहे. म्हणजे नेमकं आपल्या 'अल्बम साँग'साठी.

ते सांगतं : सिनेमाचा भाग नसलेल्या रेकॉर्डिंगसाठी तुम्ही शब्दांचे वा चालीचे हक्क दिले, तरी त्या शब्दांच्या आणि चालीच्या पुढच्या कोणत्याही वापरातून जी रॉयल्टी येईल, तिच्यात समान वाटा मागायचा तुमचा अधिकार शाबूत राहतो. कलम १८ त्याच्याही पुढे जातं. हा अधिकार तुम्हाला सोडून देता येत नाही. 'मी माझी रॉयल्टी सोडली' असं बॉण्डवर लिहून सही केली, तरी ते टिकत नाही. हा वाटा देता येतो फक्त दोघांना : वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीला.

कायद्यात आणखीही काही गोष्टी आहेत, ज्या सही करणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. हक्क तोंडी जात नाहीत; लेखी आणि सहीनिशीच जातात. 'चल भाऊ, दिलं तुला गाणं' असं टपरीवर म्हटल्यानं मालकी बदलत नाही. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. हक्क घेऊन समोरच्यानं वर्षभरात त्यांचा वापरच केला नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर ते हक्क परत येतात. आणि करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात वापरात नव्हतं, त्याचे हक्क नाव घेऊन दिल्याशिवाय गेले असं होत नाही. कॅसेटच्या काळात सह्या केलेल्या कलावंतांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं. तुळजापूरच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवीच्या ज्या आराधी गीतांच्या कॅसेट विकल्या जायच्या, त्यातली कितीतरी गाणी आज यूट्यूबवर आहेत.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. समान वाट्याचं हे कवच शब्द आणि चालीपुरतं आहे. मास्टर दुसऱ्याचा असेल, तर चॅनलच्या जाहिरातीतून येणारा त्याचा स्वतःचा हिस्सा त्याचाच. म्हणून खरी घासाघीस मास्टरवर व्हायला हवी. विकायचा की ठरावीक वर्षांसाठी फक्त वापरायला द्यायचा? शेत विकणं आणि बटईनं देणं यात जेवढा फरक, तेवढाच इथेही आहे.

गाणाऱ्याला काय मिळतं?

हे भांडण जुनं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. मोहम्मद रफी यांचं मत होतं की गाण्याचे पैसे मिळाले, विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं. पडद्यावर एकमेकांसाठी झुरणाऱ्या जोड्यांना आवाज देणारे हे दोघं, आणि अबोला कशावरून, तर रॉयल्टीवरून!

गायकाच्या रॉयल्टीचा हक्क कायद्यात नीट आला तो २०१२ च्या त्याच दुरुस्तीत. आता गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस आणि गायकांसाठी इसाम्रा या संस्था आहेत. टीव्ही, रेडिओ, ऑनलाइन मंच, हॉटेल, कार्यक्रम यांच्याकडून त्या परवान्याचे पैसे गोळा करतात आणि सदस्यांमध्ये वाटतात. यातला कळीचा शब्द 'सदस्यांमध्ये'. सभासद नाही, गाण्याची नोंद नाही, तर पैसे कुणाच्या नावानं काढणार? स्वतः लिहिणारा-गाणारा माणूस दोन्हीकडे पात्र असतो.

टेलर स्विफ्टचं भांडण इथे का सांगायचं?

कारण प्रेमभंगाची गाणी लिहून जगातली सगळ्यात मोठी गायिका झालेल्या बाईलाही हाच कागद आडवा आला. टेलर स्विफ्ट स्वतःची गाणी स्वतः लिहिते. २०१२ चा तिचा 'रेड' हा अल्बम तर जवळजवळ ब्रेकअपची डायरीच. पण तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर तिच्या जुन्या कंपनीकडे होते. २०१९ मध्ये ती कंपनी विकली गेली आणि मास्टर तिच्या मर्जीविरुद्ध दुसऱ्याच्या हाती गेले. २०२० मध्ये ते पुन्हा विकले गेले.

तिनं काय केलं? शब्द आणि चालीतला गीतकार म्हणून हक्क तिचाच होता. म्हणजे पहिले दोन सातबारे तिच्याकडे, तिसरा दुसऱ्याकडे. तिनं सरळ नवं रेकॉर्डिंग करायला घेतलं. २०२१ ते २०२३ या काळात चार जुने अल्बम तिनं पहिल्यापासून पुन्हा गायले, नावापुढे 'टेलर्स व्हर्जन' असं लिहून. चाहत्यांनी जुनं सोडून नवं ऐकायला सुरुवात केली. अखेर मे २०२५ मध्ये तिनं जुने मास्टरही विकत घेतले.

कळंबच्या पोराकडे तेवढे पैसे नाहीत, हे उघड आहे. पण सूत्र तेच लागू पडतं. शब्द-चाल हातात असेल, तर गाणं पुन्हा रेकॉर्ड करता येतं. फक्त करारात 'इतकी वर्षं हेच गाणं पुन्हा गाणार नाही' अशी अट आहे का, ते आधी पाहायचं. आणि बॉण्डवर शब्द-चालही दिलेली असेल, तर मात्र हा रस्ता बंद.

पैसे किती, याचं थोडक्यात उत्तर

पहिल्या गाण्यात फार नाहीत. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४ हजार तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला की आधीच्या १२ महिन्यांत एक हजार वेळाही न ऐकलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला रॉयल्टीच नाही. म्हणूनच चॅनलवाल्याचे एकरकमी पैसे गोड वाटतात. त्या क्षणी ते खरोखरच जास्त असतात.

आणखी एक खड्डा. यूट्यूबवरून 'फ्री बीट' घेऊन त्यावर गाणं केलं असेल, तर ती बीट बहुतेक वेळा फ्री नसते. तिच्या खालच्या वर्णनात अटी असतात, आणि तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असू शकते. अशा गाण्याचा मास्टर तुम्ही 'पूर्णपणे माझा' म्हणून कुणाला देऊ लागलात, तर अडकणारे तुम्हीच.

शेवटच्या कडव्यातलं नाव

गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत ऑनलाइन टाकताना एक फॉर्म येतो. गायक, गीतकार, संगीतकार, निर्माता अशा रिकाम्या चौकटी. सोबत प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळतो. घाईत पोरं गायकाचं नाव भरतात आणि गीतकाराची चौकट सोडून देतात, किंवा चॅनलवाला तिथे स्वतःचं नाव टाकतो. रॉयल्टीचा पुढचा सगळा प्रवास या चौकटींवर चालतो. गाणं पुढे कितीही जणांनी ऐकलं, तरी कोरी चौकट कोरीच.

ही चौकट भरायची पद्धत या मातीत जुनी आहे. धाराशिव तालुक्यातल्या तेरचे गोरोबाकाका अभंगाच्या शेवटी आपलं नाव गुंफत. त्यालाच नाममुद्रा म्हणतात. सगळ्या संतकवींनी ते केलं, पुढे शाहिरांनीही केलं. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायांना मात्र तेवढीही सोय नव्हती; त्यांची नावं कागदावर आली ती हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावोगाव जाऊन लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या तेव्हा.

आणि पठ्ठे बापूराव. १८६६ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षला जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. वतनाचं कुलकर्णीपण सोडून ते तमाशात गेले. लावण्या स्वतः रचल्या, स्वतः गायल्या, आणि पवळाबाईंबरोबर फड गाजवला. त्या दोघांची जोडी महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. मग जोडी फुटली, फडाला उतरती कळा लागली. त्यांच्या लावण्या सगळीकडे गायल्या जात होत्या, आणि १९४५ मध्ये पुण्यात ते गेले तेव्हा हातात पैसा नव्हता.

लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतीवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. बापूरावांच्या बाबतीत ती मुदत २००५ च्या अखेरीस संपली. त्यांची त्या काळात छापलेली लावणी आज धाराशिवचा कुठलाही पोरगा कुणालाही न विचारता रेकॉर्ड करू शकतो. खर्च त्यानं स्वतः केला असेल, तर त्या रेकॉर्डिंगचा मालकही तोच. शेवटचं कडवं गाताना मात्र नाव बापूरावांचंच घ्यावं लागतं.